दोन लीगा, एक मैदान आणि मधला मी

लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलं की आधी ओळखीचा एक फेरा होतो. "मी गायनॅक." "मी ऑर्थो." "मी बँकेत, रिस्कमध्ये." "मी आयटी." मग माझी पाळी यायची. मी म्हणायचो, "मी बेसबॉलमध्ये."

समोरचा माणूस सभ्य असला तर नुसती मान हलवायचा. जरा कमी सभ्य असला तर विचारायचा, "म्हणजे, खेळता?" आणि माझ्या पोटाकडे बघून त्याचा प्रश्न त्यालाच पटायचा नाही. एका बाईंनी फार मायेनं विचारलं होतं, "राउंडर्स का हो? आमची सई शाळेत खेळते." इथल्या शाळांमध्ये मुली राउंडर्स खेळतात. लाकडी दांडक्यानं चेंडू टोलवायचा आणि चार खुंटांभोवती धावायचं. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ आहे. पण हे अमेरिकन माणसासमोर बोलायची सोय नाही.

तर मी खेळत नव्हतो. मी फिक्श्चर सेक्रेटरी होतो. कोणत्या टीमनं कोणत्या रविवारी, कोणत्या मैदानावर, कोणाशी खेळायचं हे ठरवणारा माणूस. ज्या देशात बेसबॉल कुणी ढुंकून बघत नाही त्या देशात मी ह्या कामावर निवृत्त झालो. आणि त्यातही एक काळ असा आला, की ह्या न बघितल्या जाणाऱ्या खेळाच्या दोन लीगा झाल्या, आणि त्या एकमेकींच्या जिवावर उठल्या. ती हकीकत सांगायची आहे.

मी मूळचा मिरजेचा. तिथल्या एसटी डेपोत गाड्यांची वेळापत्रकं करायचो. माझी बायको निर्मला भूल देणारी डॉक्टर. तिला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि मी तिच्या मागोमाग आलो. पहिले काही महिने मी कुकर लावणं, हूव्हर फिरवून केर काढणं आणि लायब्ररीत फुकट पेपर वाचणं एवढंच केलं. त्या लायब्ररीतच नोटीस बोर्डावर एक कागद टोचलेला दिसला, 'फिक्श्चर सेक्रेटरी पाहिजे'. इकडे नळ, दिवे, बेसिन यांनाही फिक्श्चर म्हणतात. मला वाटलं प्लंबिंगच्या दुकानात कारकुनी असेल. पत्ता निघाला कार्पेटच्या दुकानाचा, म्हणजे घरसामानाचाच धंदा, त्यामुळे माझी खात्रीच पटली.

मालकाचं नाव डेरेक. उंच, लाल चेहऱ्याचा, कार्पेटच्या गुंडाळ्यांमध्ये उभा राहिला की त्यातलीच एक वाटावी असा. तरुणपणी अमेरिकेत कुठंतरी त्यानं बेसबॉल पाहिला होता आणि त्याचं वेड घेऊन परत आला होता. आठ टीमची लीग त्यानं उभी केली होती, आणि तिचं ऑफिस म्हणजे दुकानाच्या मागची खोली.

"तुला बेसबॉल कळतो?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. नळांचं इथे काही नाही हे एव्हाना लक्षात आलं होतं.

"ब्रिलियंट. ज्यांना कळतो ते सगळे कुठल्या ना कुठल्या टीमचे असतात. वेळापत्रक करता येतं?"

"मी मिरज डेपोत होतो."

"तिथे काय असतं?"

"तिथून बस वेळेवर सुटते," मी म्हणालो. हे वाक्य मिरजेत ऐकलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. डेरेक प्रभावित झाला.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. आठ टीम, प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, त्यात काय? अडचण मैदानांची. क्रिकेट कुठेही मांडता येतं. बेसबॉलला मधोमध मातीचा एक उंचवटा लागतो, त्याला माउंड म्हणतात. त्यावर उभा राहून पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, चेंडू फेकतो. बॅटवाल्याच्या मागे उंच जाळी लागते, नाहीतर बागेत फिरणाऱ्या आजीच्या डोक्यावर चेंडू बसायचा. अशी मैदानं आमच्या लंडनच्या भागात बोटांवर मोजण्याइतकी. त्यात पाऊस. त्यात शाळेचे स्पोर्ट्स डे. आणि मुख्य म्हणजे माणसं.

एका टीमचे कॅप्टन चर्चचे पाद्री होते. त्यांचा एकच आग्रह, देव सकाळी आणि बेसबॉल दुपारी. दुसरी टीम जपानी बँकवाल्यांची. फार शिस्तीची, पण त्यांच्या सगळ्यात चांगल्या पिचरची दर उन्हाळ्यात फ्रँकफर्टला बदली व्हायची. त्यामुळे कठीण सामने आधी घालावेत अशी विनंती त्यांचा कॅप्टन दर वर्षी कमरेत वाकून करायचा, आणि मी दर वर्षी तेवढाच वाकून नाही म्हणायचो. एकदा तर ऐन सामन्याच्या वेळी सेकंड बेसच्या, म्हणजे धावण्याच्या दुसऱ्या खुंटाच्या जागी एक जोडपं पिकनिकची चादर पसरून बसलं होतं. ते उठायला तयार नाहीत. का, तर वर्षापूर्वी त्याच जागी त्यानं तिला मागणी घातली होती. त्या दिवशी सेकंड बेस थोडा डावीकडे सरकला. लीगच्या दप्तरात ह्याची नोंद नाही.

ती युक्ती वॉल्टरची. वॉल्टर आमचा अंपायर. मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा, शाळेत इतिहास शिकवायचा. लीड्सच्या एका नर्सशी लग्न करून तो तिकडेच स्थायिक झाला होता आणि अंपायरिंगसाठी ट्रेननं लंडनला यायचा. पाऊस पडून सामना थांबला की तो डेरेकच्या व्हॅनमध्ये बसून फ्लास्कमधली कॉफी प्यायचा आणि मला बेसबॉलच्या धंद्याचा इतिहास सांगायचा. खेळाचा नव्हे, धंद्याचा. "खेळ पोरांना सांगतात," तो म्हणायचा, "धंदा मोठ्या माणसांना."

त्यानं सांगितलेलं मला अजून पाठ आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बेसबॉल पैसे घेऊन खेळला जाऊ लागला, तेव्हा टीमच्या मालकांना वाटलं की खेळाडू फार पगार मागतात. म्हणून त्यांनी आपापसात एक नियम केला. एकदा खेळाडू आमचा झाला की आम्ही सोडेपर्यंत तो आमचाच. करार संपला तरी दुसरी टीम त्याला घेणार नाही. लगेच दुसऱ्या कुणीतरी प्रतिस्पर्धी लीग काढली. तिकीट स्वस्त, रविवारीही सामने, आणि मैदानात बिअर. मग पळवापळवी, मग तह. पुढे खेळाडूंनी चिडून स्वतःचीच लीग काढली. ती एका मोसमात आटोपली, कारण दोन्ही बाजूंनी गर्दीचे खोटे आकडे छापले आणि खेळाडूंच्या बाजूचे पैसेवाले ते वाचून आधी घाबरले. त्यानंतर आणखी एक लीग, आणखी पळवापळवी, आणखी एक तह.

"आणि प्रत्येक तहात," वॉल्टर म्हणायचा, "मालक जेवायला बसतात आणि खेळाडू दाराबाहेर उभे असतात."

मला हे गोष्टीसारखं वाटायचं. आपल्या कार्पेटच्या दुकानात हे घडेल असं काही वाटलं नव्हतं.

मग अभय आला. पुण्याचा, कोथरूडचा, बँकेत सॉफ्टवेअर करणारा, वर्क व्हिसावर. मंडळाच्या कार्यक्रमात मी "बेसबॉलमध्ये" म्हटल्यावर हसला नाही असा पहिला मराठी माणूस. उलट त्याचे डोळे चमकले. अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना त्याला ह्या खेळाची गोडी लागली होती. लहानपणी फास्ट बोलिंग केलेली, त्यामुळे हात दणकट. मीच त्याला डेरेककडे नेलं आणि डेरेकच्या स्वतःच्या हॅरो टीममध्ये त्याचं नाव घातलं.

तिथेच घोटाळा झाला. हॅरोचा पिचर होता डेरेकचा पुतण्या. त्यामुळे अभय अख्खा उन्हाळा बाकावर बसून राहिला. त्याच वेळी इल्फर्डच्या टीमला पिचर हवा होता. ती टीम क्लाइव्ह नावाचा एक जमैकन माणूस चालवायचा. बसचालक होता, आता रिटायर्ड. मी एसटीतला आणि तो बसवाला, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. क्लाइव्हनं अभयला मागितलं. पण आमच्याही लीगचा नियम तोच होता, क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नाही. डेरेकनं परवानगी दिली नाही.

अभय दुकानात आला तेव्हा मी तिथे होतो.

"मला खेळवायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही, हे काय लॉजिक आहे?" तो डेरेकला म्हणाला.

"पुतण्याचा हात दुखावला तर?" डेरेक म्हणाला. "मला स्पेअर लागतो."

स्पेअर हा शब्द अभयला झोंबला. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "काका, मी नोकरी बदलताना कंपनीला विचारत नाही. आणि रविवारचा खेळ बदलायला ह्या कार्पेटवाल्याला विचारायचं? मी आता स्वतःची लीग काढतो."

मी म्हणालो, "अरे, राग शांत होऊ दे." पण मराठी माणूस 'स्वतःचं मंडळ काढतो' म्हणाला की समजावं, नाव आधीच ठरलेलं आहे.

नाव ठरलेलंच होतं, आणि त्यात 'प्रो' होतं. अभयनं एक रेस्टॉरंटवाला आणि एक बिल्डर पैसे घालायला तयार केले. खेळाडूंना सामन्यामागे मानधन, फोनवर लाइव्ह सामने, दुपारी ढोल. आमच्या आठपैकी चार टीम उठून तिकडे गेल्या. जपानी बँकवाले जाताना मला भेटायला आले, वाकले आणि म्हणाले, "तिकडचे कठीण सामने आधी आहेत." मीही वाकलो.

पुढचा मोसम म्हणजे निव्वळ धमाल होती, अर्थात बघणाऱ्याला. डेरेकनं अभयच्या टीमचे दोन खेळाडू लिव्हिंग रूमचं कार्पेट फुकट बसवून देऊन परत आणले. अभयनं त्यातला एक मानधन वाढवून पुन्हा नेला. कार्पेट मात्र त्याच्या घरीच राहिलं. अभयनं काढलेल्या नव्या टीमचं नावही हॅरोच, त्यामुळे दोन्ही लीगांमध्ये 'हॅरो' नावाची टीम, दोन्हींचे शर्ट निळे. एका रविवारी एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातवाला चिअर करत बसले होते. सामना संपत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नातू दुसऱ्या हॅरोतून दुसऱ्या मैदानावर खेळतोय. ते म्हणाले, "हरकत नाही, हाही मुलगा चांगला खेळला."

मग गर्दीचे आकडे सुरू झाले. अभयच्या वेबसाइटवर आलं, 'शेकडो प्रेक्षक'. डेरेकनं मला फोन केला.

"आपले किती होते?"

"कुत्री धरून?"

"श्रीकांत, ऑफ कोर्स कुत्री धरून!"

मी वॉल्टरला हे सांगितलं तेव्हा त्याला हसू आवरेना. "अगदी असंच," तो म्हणाला, "अगदी असंच झालं होतं. दोघं खोटं बोलतात, आणि गंमत म्हणजे दोघांना समोरच्याचं खोटं खरं वाटतं." तो स्वतः एका रविवारी एका लीगचं अंपायरिंग करायचा आणि पुढच्या रविवारी दुसरीचं. त्याला कुणीच काही म्हणायचं नाही, कारण त्याच्यासारखा दुसरा अंपायर नव्हता.

आमच्या घरी मात्र पंचाईत झाली. अभयची बायको केतकी ही निर्मलाच्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दोघींची मैत्री घट्ट. महिन्यातून एकदा एकमेकांकडे जेवण ठरलेलं. निर्मलानं कायदाच केला, जेवणाच्या टेबलावर बेसबॉल काढायचा नाही. त्यामुळे मी आणि अभय समोरासमोर बसून अळूच्या भाजीवर एवढं बोललो असू की अळूलाही लाज वाटावी. एकदा तो न राहवून म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याकडे का येत नाही? सॉफ्टवेअर आहे, वेळापत्रक आपोआप होतं, तुम्ही नुसतं बघायचं."

"आपोआप होतं तर मी काय बघायचं?"

"अभय," केतकी म्हणाली, "अळू घे."

गमतीत मोसम सरत होता. पण एका गोष्टीची गंमत मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. क्लाइव्हची इल्फर्डची टीम मधल्या मध्ये चिरडली गेली. तो डेरेकच्या लीगमध्येच राहिला होता. "मी रस्ता मधेच बदलत नाही," म्हणायचा. पण त्याचे चांगले खेळाडू अभयकडे पैशासाठी गेले, आणि उरलेल्यातले डेरेकनं 'लीग वाचवायची आहे' म्हणून हॅरोत ओढले. एका रविवारी सामन्याला टीम पूर्णच झाली नाही. पुढच्याही रविवारी नाही. मग क्लाइव्ह मला भेटायला दुकानात आला. गाडीच्या डिकीत हेल्मेटं, बॅटी, बॅटवाल्यामागे बसणाऱ्या कॅचरची छातीवर बांधायची ढाल, सगळं व्यवस्थित पुसून ठेवलेलं.

"कुणाला उपयोगी पडलं तर दे," तो म्हणाला.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी लागेल की."

"मॅन, तू बसवाला आहेस," तो म्हणाला. "रूट बंद झाला की तुला माझ्याआधी कळतं."

मी सामान उतरवून घेतलं. डेरेक आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. त्याला खिडकीतून सगळं दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी अभयलाही फोन करून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मला क्लाइव्हकडेच खेळायचं होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मैदानाचा प्रसंग झाला. आमचं मुख्य मैदान डेरेकनं उन्हाळाभर घेतलेलं होतं, पण त्यातले काही रविवार शेजारच्या एका सॉफ्टबॉल क्लबचे होते. त्यातला एक अभयनं त्यांच्याकडून आपल्या फायनलसाठी मागून घेतला. डेरेकला वाटत होतं तो रविवार आपला आहे. त्यानंही आपली फायनल तिथेच ठेवली. मी त्याला दोनदा सांगून पाहिलं. "बघू कोण हटतो ते," तो म्हणाला.

सकाळी मैदानावर चार टीम हजर. चार टीम, एक माउंड. डेरेकनं व्हॅनमधून घडीची खुर्ची काढली, माउंडवर मांडली आणि तिच्यावर बसला. हातात थर्मास. अभय त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, हातात फोनवरचं बुकिंग.

"प्लीज उठा, डेरेक."

"चहा होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"मोठा थर्मास आहे."

दोन्हीकडचे खेळाडू जमा झाले. आवाज चढले. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ढोल सुरू केला. आणि तेव्हा एक गोष्ट घडली जी आमच्या एवढ्या वर्षांत कधी घडली नव्हती. बागेतले लोक थांबले. कुत्रेवाले थांबले, बाबागाड्या थांबल्या, टेनिस कोर्टवरचे लोक जाळीला येऊन चिकटले. आइस्क्रीमची व्हॅन वाट वाकडी करून आली. माउंडभोवती खरीखुरी, कुणी न फुगवलेली गर्दी झाली.

वॉल्टर माझ्या शेजारी उभा होता. तो शांतपणे पुढे गेला आणि दोघांना म्हणाला, "जंटलमेन, एवढे प्रेक्षक तुम्हाला पहिल्यांदाच मिळालेत. आणि तुम्ही खेळत नाही आहात."

डेरेकनं मान वळवून गर्दी पाहिली. अभयनंही पाहिली. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, लग्नात अचानक दुप्पट माणसं आल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर असतो तो.

मी माझ्या धंद्याला धरून बोललो. "दोन फायनल मावणार नाहीत," मी म्हणालो. "एक सामना मावेल. तुमची पहिल्या नंबरची टीम आणि ह्याची पहिल्या नंबरची टीम. आत्ता, लगेच."

"आमच्याकडेही तहानंतर असंच झालं होतं," वॉल्टर म्हणाला. "दोन्ही लीगांचे विजेते एकमेकांशी खेळले. लोक आजही बघतात."

डेरेकनं थर्मासचं झाकण लावलं. खुर्ची घडी केली. "माझ्या पुतण्याचा हात आज उत्तम आहे," तो अभयला म्हणाला आणि माउंडवरून उतरला.

तो सामना मी कधी विसरणार नाही. खेळ फार उच्च दर्जाचा होता असं नाही. एकदा चेंडू आइस्क्रीमच्या व्हॅनमध्ये गेला आणि तो परत मिळवताना एका खेळाडूनं कोन घेऊन खाल्ला. पण पाचव्या डावात डेरेकचा पुतण्या बॅट घेऊन उभा राहिला आणि समोर अभय. अभयनं असे तीन चेंडू टाकले की पुतण्याची बॅट तिन्ही वेळा नुसती वाऱ्यात फिरली आणि तो बाद झाला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मी डेरेककडे पाहिलं. तोही वाजवत होता. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्यानं हात खिशात घातले.

"हा पोरगा माझ्या बाकावर होता," तो हळूच म्हणाला.

"हो."

"तू मला बोलला नाहीस."

"दर आठवड्याला बोललो, डेरेक."

शेवटी हॅरो जिंकली, म्हणजे डेरेकची हॅरो, पण थोडक्यात. सामना संपल्यावर दोघं व्हॅनच्या मागे कार्पेटच्या एका तुकड्यावर बसून बराच वेळ बोलत होते. दोघांचेही खिसे हलके झाले होते हे एव्हाना सगळ्यांनाच कळत होतं. रेस्टॉरंटवाला आणि बिल्डर दोघंही डेरेकच्या गर्दीचे आकडे वाचून केव्हाच हात आखडता घेऊ लागले होते.

तहाची बैठक आमच्या स्वयंपाकघरात झाली. केतकीला हाताशी घेऊन निर्मलानं साबुदाण्याचे वडे केले आणि सुरुवातीलाच दोघांना सांगितलं, "मी भूल देण्याआधी पेशंटला विचारते, कसली ॲलर्जी आहे का. तुम्ही पण आधी सांगून टाका. मागाहून अंगावर पुरळ नको."

बरंचसं पटापट मिटलं. लीग एक, टीम आठ, ढोल दुपारी तीननंतर, मानधन बंद, लाइव्ह सामने चालू. डेरेक अध्यक्ष, अभय उपाध्यक्ष आणि त्याच्या टीमचा मालक. मी लॅपटॉपवर टाइप करत होतो. वॉल्टर साक्षीदार म्हणून बसला होता आणि वडे खात होता. मग खेळाडूंच्या बदलीचा नियम आला. 'क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडू दुसऱ्या क्लबात जाऊ शकत नाही.'

मला वाटलं अभय आता टेबलावर मूठ आपटणार.

अभय म्हणाला, "हा राहू दे."

माझे हात थांबले. "काय म्हणालास?"

"काका, आता मी टीम चालवतो. एवढी मेहनत घेऊन माणसं तयार करायची आणि कुणीही येऊन उचलून न्यायची? स्टॅबिलिटी पाहिजे."

"एक्झॅक्टली," डेरेक म्हणाला. वर्षभरात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते ह्यावर.

मी लॅपटॉप बंद केला. लीग एक झाली की सेक्रेटरीही एकच लागणार होता, आणि अभयकडे आपोआप चालणारं सॉफ्टवेअर होतं. माझी नोकरी त्या टेबलावरच्या दोन माणसांच्या हातात होती. तरी मी म्हणालो, "मी वेळापत्रक करीन. हा नियम मी लिहिणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"श्रीकांत!" डेरेक म्हणाला.

"क्लाइव्हची टीम कशामुळे गेली?" मी म्हणालो. "हा मुलगा त्याच्याकडे जाऊ शकला असता तर नवी लीग निघाली नसती, ओढाओढ झाली नसती, आणि इल्फर्डची टीम आज उभी असती. हा नियमच सगळ्याच्या मुळाशी आहे. तो परत लिहायला मी काही टाइपरायटर नाही."

वॉल्टरनं वडा खाली ठेवला. "आमच्याकडे हा नियम मोडायला खेळाडूंना जवळजवळ शंभर वर्षं लागली," तो म्हणाला. "तुमचा काय विचार आहे?"

अभय उठून मागच्या बागेत गेला. काचेतून दिसत होता, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा. केतकी त्याच्या मागे जायला निघाली तशी निर्मलानं तिचा हात धरला. "राहू दे. शुद्धीवर यायला जरा वेळ लागतो."

तो आत आला आणि खुर्चीत बसला. "डेरेक," तो म्हणाला, "तुम्ही मला स्पेअर म्हणाला होतात. आठवतं?"

"आय डू," डेरेक म्हणाला. त्याचा चेहरा नेहमीपेक्षा लाल झाला होता. "चुकलंच माझं."

"मग हा नियम नको. मोसम संपला की ज्याला जिथे जायचं तिथे तो जाईल. लिहा, काका."

मी लॅपटॉप उघडला आणि लिहिलं.

माझी नोकरी गेली नाही. अभयच्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच फटक्यात पाद्रीबुवांचे सगळे सामने रविवारी सकाळी घातले, तेव्हा मला सन्मानानं बोलावणं आलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आणि ते यंत्र गुण्यागोविंदानं नांदलो. ते वेळापत्रक करायचं आणि मी ते माणसांत बसवायचो. इल्फर्डची टीम मात्र पुन्हा उभी राहिली नाही. मी आणि अभय क्लाइव्हकडे दोनदा जाऊन आलो. त्यानं चहा दिला, गप्पा मारल्या, आणि नाही म्हणाला. ह्या कामात मला पुष्कळ काही जमलं, पण बंद पडलेला तो रूट चालू करणं जमलं नाही.

नव्या नियमाचा पहिला मोसम संपला. अभयच्या टीममध्ये टोमेक नावाचा एक पोलिश प्लंबर होता. अभयनंच त्याला पिचिंग शिकवून तयार केलेला, आणि आता गुरूपेक्षा सरस. मोसम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो रीतसर माझ्याकडे आला आणि त्यानं क्लब बदलला. डेरेकच्या हॅरोत गेला. कारण एवढंच की ते मैदान त्याच्या घराजवळ होतं.

संध्याकाळी अभयचा फोन.

"काका, टोमेक गेला."

"कळलं. मीच नोंद बदलली."

"डेरेककडे!"

"हो."

मागून केतकीच्या हसण्याचा आवाज येत होता.

"काका, एक विचारू? रागवू नका. तो नियम परत आणता येईल का?"

"येईल की," मी म्हणालो. "पण त्यासाठी तुला आधी नवी लीग काढावी लागेल."